पाहायला शिकलेले यंत्र

हिंगोली जिल्ह्यातील एखादे खेडे डोळ्यांसमोर आणा. हळदीची काढणी चालली आहे. एक वृद्ध शेतकरी बांधावरून चालला आहे. समोरचा लिंब त्याला स्वच्छ दिसतो. दुरून येणारा माणूसही तो ओळखतो. परंतु उजव्या अंगास सोडून ठेवलेल्या बैलगाडीच्या जुवाला मात्र तो अडखळतो. “वय झाले, दुसरे काय!” असे म्हणून तो पुढे जातो. सायंकाळी मुलगा म्हणतो, “आबा, मोतीबिंदू असेल. पिकला म्हणजे काढून घेऊ.” आणि येथेच घात होतो.

मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवले, की बहुधा दृष्टी परत मिळते. काचबिंदूची गोष्ट निराळी. डोळ्यात एक पाण्यासारखा द्रव सतत झरत असतो व बारीक वाटांनी बाहेर पडत असतो. पाटाचे तोंड गाळाने बुजले म्हणजे मागे पाणी तुंबते, तशी या वाटांत अडथळा आला की द्रव तुंबतो आणि डोळ्यातील दाब वाढतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत सुमारे दहा ते बारा लाख सूक्ष्म धागे असतात. या दाबाने ते एकेक करून मरू लागतात. काही लोकांत तर दाब फारसा न वाढताही ही हानी होते. मेलेला धागा पुन्हा जिवंत होत नाही; म्हणून गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाचे थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया यांनी उरलेली दृष्टी तेवढी राखता येते.

या रोगाच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, लालही होत नाही. दृष्टी प्रथम कडेने जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे रोग्याला आपले काही हरवले आहे याची जाणीवच नसते. २०१० साली तज्ज्ञांनी केलेल्या अंदाजाप्रमाणे, भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. निरनिराळ्या भागांतील पाहण्यांत असे आढळले, की दहा रोग्यांपैकी सुमारे नऊ जणांना आपल्या रोगाचा पत्ताच नव्हता.

मग हा रोग ओळखावा कसा? १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आतील भाग पाहण्याचे उपकरण तयार केले. तेव्हापासून मज्जातंतूच्या मुखाशी असलेला खळगा वैद्यांना दिसू लागला. धागे मरत जातात तसा हा खळगा रुंदावतो. १९९१ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक नवी युक्ती जगापुढे मांडली. प्रकाशाच्या किरणाचे दोन भाग करावयाचे, एक डोळ्यात व दुसरा आरशाकडे पाठवावयाचा आणि परतलेले किरण एकत्र आणून त्यांची तुलना करावयाची. या यंत्रास ‘ओसीटी’ म्हणतात. धाग्यांचा थर निरोगी डोळ्यात सरासरी मिलिमीटरच्या दशांशाइतका असतो. तो किती विरळ झाला, हे ते मोजते. किरण दुभंगून पुन्हा जुळवण्याचे हेच तत्त्व हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या ‘लायगो-इंडिया’ या वेधशाळेचेही आहे. तिला २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा वेध घेणार आहेत. जे तत्त्व ताऱ्यांच्या टकरीचा माग काढते, तेच डोळ्यातील धाग्यांचाही हिशेब ठेवते!

पण चित्र काढणे वेगळे आणि ते वाचणे वेगळे. खेडोपाडी नेत्रतज्ज्ञ कोठून आणावयाचे? येथे संगणक मदतीस येतो. त्याला हजारो डोळ्यांची चित्रे दाखवतात. कोणता डोळा निरोगी, कोणाचा रोग सौम्य, कोणाचा मध्यम व कोणाचा तीव्र, हे तज्ज्ञांनी आधीच ठरवलेले असते. प्रारंभी यंत्राची उत्तरे चुकतात. प्रत्येक चुकीनंतर ते आपले आतील हिशेब किंचित बदलते. असे लक्षावधी वेळा झाल्यावर ते बरोबर उत्तरे देऊ लागते. मग कधीही न पाहिलेली चित्रे समोर ठेवून त्याची परीक्षा घेतात. रोगाची तीव्रता कळणे महत्त्वाचे आहे. कारण कोणास थेंब पुरतील आणि कोणास तातडीने शस्त्रक्रियेसाठी पाठवावे, हे पुष्कळ अंशी त्यावरूनच ठरते.

अशा यंत्राची एक परीक्षा महाराष्ट्रातच झाली. मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत मधुमेहाने दृष्टिपटलास होणारा विकार शोधण्यासाठी मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने दोनशेहून अधिक रोग्यांच्या डोळ्यांची छायाचित्रे घेण्यात आली. इंटरनेटच्या मदतीवाचून यंत्राने जागच्या जागी निर्णय दिला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार, तज्ज्ञाकडे धाडणे अवश्य असलेला एकही रोगी त्याच्या नजरेतून सुटला नाही. मात्र काही इतरांवरही त्याने शंका घेतली. काचबिंदूसाठीही असेच प्रयत्न चालू आहेत.

तथापि यंत्र सर्वज्ञ नव्हे. चित्र अंधुक असेल तर ते फसते. जास्त ऋण क्रमांकाचा चष्मा असलेल्यांच्या डोळ्यात तो थर मुळातच विरळ दिसू शकतो, त्यालाही ते रोग समजते. एका देशातील लोकांच्या चित्रांवर शिकलेले यंत्र दुसऱ्या देशात चुकू शकते. म्हणून यंत्राने इशारा द्यावा आणि अंतिम निर्णय वैद्याने करावा, हेच योग्य होय.

आणि यंत्र कितीही हुशार झाले, तरी त्याच्यापुढे जाऊन बसावे लागते माणसालाच. ज्यांच्या घरात आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे, त्यांना या रोगाचा धोका अधिक असतो. त्यांनी, तसेच चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, त्रास नसतानाही डोळे तपासून घ्यावेत. बांधावर अडखळलेल्या त्या आबांना “पिकू द्या” असे न म्हणता “उद्याच दवाखान्यात जाऊ” असे म्हणणारे कोणी घरात असेल, तर त्यांचा उरलेला उजेड त्यांच्यापाशी राहील.

अभ्यास

१. मोतीबिंदू व काचबिंदू यांतील भेद सांगा.
२. काचबिंदूच्या रोग्याला आपला रोग लवकर का कळत नाही?
३. यंत्र चित्रे ओळखावयास कसे शिकते, ते थोडक्यात लिहा.
४. “अंतिम निर्णय वैद्याने करावा” असे लेखकाने का म्हटले आहे?
५. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी डोळे केव्हा तपासले होते, याची चौकशी करा व आठ-दहा ओळी लिहा.