वस्ती हलली, मते हलली

एखाद्या पेठेत किराण्याचे जुने दुकान असते. पेठेतली बिऱ्हाडे उठून दुसरीकडे गेली, तर दुकान कितीही नावाजलेले असो, गल्ला रिकामाच राहायचा. राजकीय पक्षांचेही तसेच आहे. आपण मुंबईचे उदाहरण घेऊ.

लालबाग, परळ, शिवडी या भागाला गिरणगाव म्हणत. कोकणातली आणि घाटावरची माणसे इथल्या गिरण्यांत कामाला येत नि चाळींत राहत. लाल बावट्याचा इथे मोठा जोर होता. १९५७ साली कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. त्यानंतर हळूहळू बहुतेक गिरण्या बंद पडल्या. कोणी गावाकडं परतले, कोणी डोंबिवली-विरारकडे बिऱ्हाड हलवले.

मतदारसंघ लोकसंख्येवरून आखतात. २००१ च्या शिरगणतीवरून २००८ साली ते नव्याने आखले. मग काय झाले बघा. कुलाब्यापासून माहीम-धारावीपर्यंतच्या जुन्या मुंबईत आमदारांच्या १७ जागा होत्या, त्या १० उरल्या. उपनगरांत १७ होत्या, त्या २६ झाल्या. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात १३ होत्या, त्या २४ झाल्या. जुन्या शहरावरच भिस्त ठेवणाऱ्या पक्षाचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको!

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. वस्ती तीच राहूनही मत बदलते. १९७० साली गिरण्या चालू होत्या, चाळीही तशाच भरलेल्या होत्या. तरी परळच्या पोटनिवडणुकीत कम्युनिस्टांची जागा शिवसेनेने जिंकली. म्हणून अमक्या गावचा, अमक्या जातीचा, अमक्या भाषेचा माणूस म्हणजे आपलेच मत, असे कोणत्याही पक्षाने धरून चालू नये. आपणही कोणाला तसे धरू देऊ नये.

आता आपल्या कामाची गोष्ट. शिरगणतीत तान्ह्या पोरापासून सगळी माणसे मोजतात. मत मात्र मतदार यादीत नाव असेल त्यालाच. नव्या जागी राहायला गेलात आणि नाव जुन्याच यादीत राहिले, तर तुमच्या डोक्यांवर तिथली जागा वाढेल, पण आमदार दुसरेच निवडतील. मग नळाचे पाणी नि पोरांची शाळा मागायला गेलात, तर तुमची दाद कोण घेणार? म्हणून आम्ही सांगतो, बिऱ्हाड हलवले की नमुना ८ भरून नावही हलवा. घरातल्या बायकांचे नाव विसरू नका. मुलगा-मुलगी अठरा वर्षांची झाली की त्यांचेही नाव घाला.

प्रश्न
१. जुन्या मुंबईतल्या जागा का कमी झाल्या?
२. १९७० च्या पोटनिवडणुकीवरून काय शिकावे?
३. तुमच्या घरातल्या कोणाकोणाचे नाव यादीत आहे? यादी पाहून लिहा.