सार्वजनिक घर आणि घर नसलेला माणूस

आमचा एक भाचा इंग्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला होता. तेथे परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असताना आठवड्यास २० तासांपर्यंत काम करता येते. त्याप्रमाणे तो शनिवार-रविवारी रात्री एका पबमध्ये काउंटरवर उभा राहत असे. सुटीत घरी आला तेव्हा त्याने एक प्रसंग सांगितला आणि विचारले, "मामा, यात माझं काही चुकलं का?" त्या वेळी आम्हास उत्तर देता आले नाही. पुढे सवडीने थोडे वाचन केले. ते अभ्यासवर्गातील बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पब म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे पब म्हटले की पुण्या-मुंबईतील झगमगाट डोळ्यांसमोर येतो. तिकडचा साधा पब म्हणजे गावचा पार आणि नाक्यावरचे चहाचे हॉटेल यांच्या मधली गोष्ट होय. 'पब' हा शब्दच 'पब्लिक हाऊस' म्हणजे सार्वजनिक घर याचा संक्षेप आहे. लोक तेथे जेवतात, फुटबॉलचा सामना पाहतात, कामावरच्या माणसाला निरोप देतात. (पाचवे शील आम्हासही ठाऊक आहे. मद्याची तरफदारी करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पुष्कळजण तेथे नुसते लिंबूपाणी घेऊनही बसतात.)

आता प्रसंग. एका गोदामातील सहा-सातजण एका सहकाऱ्याच्या निरोपासाठी आले होते. त्यांच्यात पूर्वी त्यांच्याबरोबर काम केलेला एक चाळिशीचा गृहस्थ होता. संसार मोडला, भाड्याची खोली गेली, काही महिने मित्रांच्या सोफ्यावर काढले आणि शेवटी तो बेघरांच्या निवाऱ्यात राहू लागला होता. निवाऱ्यात सामान ठेवण्याची खात्री नसल्याने पाठीवरची मोठी पिशवी त्याच्याबरोबरच असे. व्यवस्थापकाने त्याला बसथांब्यापाशी झोपलेले कधीतरी पाहिले होते. इतरांचे बिल शेवटी घ्यायचे ठरले होते. मात्र "त्याच्याकडून आधी पैसे घे," असे भाच्याला सांगण्यात आले. भाच्याने घेतले. सुटी नाणी होती म्हणून त्याच्यासमोरच दोनदा मोजली.

पुढे शेजारच्या टेबलावरील एकाचा मोबाईल सापडेना. पिशव्या अनेकांच्या होत्या. उघडली गेली ती याचीच. मोबाईल कोचाच्या फटीत मिळाला. क्षमा कोणी मागितली नाही. उलट थोड्या वेळाने दारावरच्या पहारेकऱ्याने त्याचे कोपर धरून, "लोकांना अवघडल्यासारखे होते आहे," असे सांगत त्याला बाहेर नेले. मंडळींपैकी दोघे त्याच्याबरोबर उठले. बाकीचे बसून राहिले. निवाऱ्याचे दार रात्री ठराविक वेळी बंद होत असे आणि ती वेळ टळून गेली होती.

हे ऐकून आमच्या शेजारच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी लगेच विचारले, "राहायला घर नाही आणि दारू प्यायला पैसे आहेत?" हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो, म्हणून त्याचा विचार करू. एका पेल्याच्या पैशात खोलीचे भाडे भागत नाही. तो पेला न पिण्याने त्याला घर मिळणार नव्हते. फक्त जुन्या सोबत्यांमधली एक संध्याकाळ गेली असती. घर असलेल्या माणसाला आम्ही त्याच्या चहाचा हिशेब विचारत नाही. घर गेले की प्रत्येक पैशाचा जाब देण्याची पाळी येते.

शिवाय बेघर म्हटले की फुटपाथवर झोपलेला माणूस एवढेच चित्र आपण पाहतो. इंग्लंडच्या १९९६ च्या गृहनिर्माण कायद्यात बेघर शब्दाचा अर्थ बराच व्यापक आहे. निवाऱ्यात, तात्पुरत्या जागेत, ओळखीच्यांच्या दयेवर राहणारेही त्यात येऊ शकतात. २०२४ च्या शरद ऋतूतील एका रात्रीच्या मोजणीत इंग्लंडमध्ये उघड्यावर झोपणारे ४,६६७ जण आढळले. मार्च २०२५ अखेर तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवलेली कुटुंबे मात्र १,३१,००० हून अधिक होती. म्हणजे पबमध्ये आपल्या शेजारी बसलेला मनुष्य बेघर आहे हे बहुधा कळतही नाही. कळले की वागणूक बदलते. जॉर्ज ऑर्वेल या लेखकाने हे स्वतः अनुभवून १९३३ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. जुने, मळके कपडे अंगावर चढविताच रस्त्यावरच्या लोकांची नजर पालटली; माणूस तोच होता. गंमत अशी की आदर्श पब कसा असावा यावर १९४६ मध्ये जिव्हाळ्याने निबंध लिहिणाराही हाच ऑर्वेल.

आता कायद्याकडे वळू. आमची समजूत अशी होती की इंग्लंडसारख्या देशात हा प्रकार सरळ बेकायदा असणार. तसे नाही. जुन्या इंग्रजी कायद्याप्रमाणे प्रवाशांना उतरवून घेणाऱ्या खाणावळवाल्याला वाजवी कारणावाचून प्रवाशास नाकारता येत नसे. याच तत्त्वावर वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाईन यांनी खटला जिंकला. १९४३ मध्ये लॉर्ड्सवर खेळण्यासाठी आले असता लंडनच्या एका हॉटेलाने, आधी जागा देऊनही, रंगामुळे त्यांना व त्यांच्या कुटुंबास राहू दिले नाही. १९४४ मध्ये न्यायालयाने भरपाई दिली ती पाच गिनी! परंतु नुसते पेय विकणाऱ्या पबला ते बंधन नाही. पबचा मालक कोणालाही कारण न सांगता 'बाहेर जा' म्हणू शकतो.

या मोकळीकीला पहिली मोठी वेसण बसली ती एका पबमुळेच. १९६४ मध्ये ब्रिस्टल शहरात पॉल स्टीफन्सन हा कृष्णवर्णीय तरुण 'बे हॉर्स' नावाच्या पबमध्ये गेला. त्याला जाण्यास सांगितले गेले. तो हलला नाही. पोलिसांनी त्याला अटक केली, खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. आदल्याच वर्षी त्याने त्या शहरातील बसवर बहिष्काराचे आंदोलन उभे केले होते, कारण बस कंपनी काळ्या व आशियाई माणसांना बसवर नोकरी देत नसे. १९६५ चा वंशसंबंध कायदा येण्यास या घटनांचा हातभार लागला. त्या कायद्याने पब, हॉटेल, नाट्यगृह अशा सार्वजनिक ठिकाणी वंश व रंगावरून नाकारणे बेकायदा ठरविले.

आज तेथे २०१० चा समता कायदा आहे. त्यात वंश, धर्म, लिंग, अपंगत्व इत्यादी नऊ बाबी मोजून दिल्या आहेत. बेघरपणा त्या नऊंत नाही. याचा परिणाम काय होतो ते पाहा. २०११ मध्ये उत्तर लंडनमधील एका पबने भटक्या समाजाच्या परिषदेहून आलेल्या लोकांना दारातूनच परत पाठविले. २०१५ मध्ये न्यायालयाने तो भेदभाव ठरवून भरपाई देवविली, कारण आयरिश ट्रॅव्हलर व रोमानी जिप्सी हे वांशिक समूह म्हणून मान्य आहेत. भाच्याने सांगितलेल्या गृहस्थाला हा मार्ग नव्हता. त्याला मानसिक आजार असता आणि त्यापायी बाहेर काढले असे सिद्ध झाले असते, तर अपंगत्वाच्या बाबीखाली काही करता आले असते. नुसते घर नाही म्हणून अपमान झाला, तर कायद्याच्या यादीत त्याला जागा नाही. यादीत नाव नसण्याचे दुःख आपल्या लोकांना सांगायला नको. 'जात' हा शब्द त्या कायद्यात स्पष्टपणे घालावा असे तेथील संसदेने २०१३ मध्ये ठरविले होते. २०१८ मध्ये सरकारने ते न करण्याचा निर्णय घेतला.

पबच्या परवान्याविरुद्ध तक्रार करावी म्हटले, तर २००३ च्या परवाना कायद्याची उद्दिष्टे चार: गुन्हे रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव रोखणे आणि मुलांचे संरक्षण. गिऱ्हाइकाशी न्यायाने वागणे त्यात बसत नाही. एक गोष्ट मात्र उपयोगाची आहे. दारावरच्या पहारेकऱ्यास सरकारी परवाना लागतो व त्याचा बिल्ला दिसेल असा लावावा लागतो. त्याने गरजेपेक्षा अधिक बळ वापरले, तर बिल्ल्यावरील क्रमांक टिपून तक्रार करता येते. तिकडे शिकणाऱ्या व काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे.

बाहेर काढल्यानंतर पुढे काय होते, हेही पाहिले पाहिजे. 'क्रायसिस' या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासात, उघड्यावर झोपणाऱ्यांवर सामान्य नागरिकांच्या तुलनेत जवळजवळ १७ पट अधिक हिंसा होते असे आढळले. शनिवारी रात्री दारातून बाहेर ढकललेला माणूस त्याच रस्त्यावर येतो, जेथे थोड्या वेळाने इतर पिऊन बाहेर पडणार असतात.

भाच्याची अडचण आम्हास कळते. नोकरी तात्पुरती, व्हिसा हातात, व्यवस्थापकाचा हुकूम. पण त्याला १९१७ चे बडोदे आठवायला हवे होते. परदेशी विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर पैसे देत असूनही पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. दोन मित्रांकडे विचारणा करून झाल्यावर गाडीच्या वेळेपर्यंतचे तास त्यांनी कामाठीबागेत बसून काढले. आपण लहानपणापासून हे ऐकतो, आणि ऐकताना स्वतःला नेहमी बागेत बसलेल्या बाजूला ठेवतो. दुसऱ्या बाजूला कधी उभे राहावे लागेल असे मनात येत नाही.

भाच्याला हे सांगताना आमची जीभ अडखळली, त्याचे कारण लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी रात्र-निवाऱ्यात राहणारा एक हमाल आमच्या बँकेच्या काउंटरवर खाते उघडण्यास आला. आम्ही नेहमीप्रमाणे म्हणालो, "पत्त्याचा पुरावा आणा." तो म्हणाला, "साहेब, पत्ता असता तर पैसे तिथंच ठेवले असते." रांगेतले लोक हसले, आम्हीही हसलो. वास्तविक २०१० पासून 'छोटे खाते' ही सोय आहे. अधिकाऱ्यासमोर फोटो व सही किंवा अंगठा दिला की ते उघडता येते. ५०,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते व महिन्यास १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. आम्हास हे माहीत होते. रांग मोठी होती, फॉर्म आतल्या कपाटात होता, एवढेच कारण.

भाच्याने आमचे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुम्ही त्याला पुन्हा शोधलंत का?" आम्ही शोधले नव्हते. त्या रविवारी आम्ही दोघे रात्र-निवाऱ्यावर गेलो. तो हमाल तेथून गेला होता. कोठे ते कोणास ठाऊक नव्हते. तेथील इतर अकराजणांची नावे लिहून घेतली, त्यांपैकी सातजणांची खाती आतापर्यंत उघडून झाली आहेत.