स्मृतिभ्रंश: आधी काय बिघडलं ते विचारा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मानसिक विकारांचा पाठ घेताना स्मृतिभ्रंशाचं नाव निघालं, की वर्गातून हमखास आवाज येतो: साठी बुद्धी नाठी. ही म्हण तिथंच थांबवा. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वयामुळं होतं. चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणं, हा आजार. शिवाय स्मृतिभ्रंश हे 'ताप'सारखं लक्षणांचं नाव आहे. त्यामागचं कारण वेगवेगळं असतं.

मुलांना एकच प्रश्न द्या: आधी काय बिघडलं आणि कसं?

सर्वांत जास्त आढळतो तो अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याची पहिली नोंद मांडली. यात आधी ताज्या आठवणी जातात. आजोबा स्वतःच्या लग्नाची पंगत रंगवून सांगतील, पण आज जेवले की नाही ते सांगता येणार नाही. पुढं मंडी बाजारातून योगेश्वरीच्या देवळाकडं जायचा रोजचा रस्ताही चुकतो. सगळं हळूहळू, वर्षानुवर्षं.

रक्तवाहिन्यांच्या स्मृतिभ्रंशात बहुधा पायऱ्या उतरल्यासारखं होतं. झटका आला की एकदम घसरण, मग काही दिवस स्थिर, पुन्हा घसरण. मागं बऱ्याचदा रक्तदाब, साखर असते.

ल्यूई बॉडी प्रकार नीट समजावून सांगा. कोपऱ्यात लहान मूल बसलेलं दिसतं, चाल मंदावते, काल गोंधळलेला माणूस आज अगदी नीट बोलतो. घरचे बाहेरची बाधा समजून देवऋषी गाठतात. दवाखान्यात अर्धवट माहिती दिली तरी धोका असतो, कारण भास थांबवणारी काही औषधं या रुग्णांना सोसत नाहीत. अंग ताठरतं, जिवावर बेतू शकतं.

फ्रंटोटेम्पोरल प्रकारात सुरुवातीला स्मरण बरं असतं, स्वभाव मात्र पालटतो. पन्नाशीतला सभ्य माणूस चारचौघांत नको ते बोलतो. गाव त्याला म्हातारचळ म्हणून मोकळं होतं!

बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळंही असाच विसर पडतो, आणि तो बऱ्याचदा उपचारानं सुधारतो. म्हणून रक्ततपासणी आधी. अंबाजोगाईकरांना त्यासाठी लांब जायला नको. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गावातच आहे. जाताना एक वही न्या: कोणता बदल कोणत्या महिन्यात दिसला, झोप कशी, भास होतात का, गोळ्या कोणत्या चालू आहेत. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा क्रमांक १४४१६, मोफत आहे.