कबरीची जात कोणती?

गेल्या पावसाळ्यात एक भिजलेले पिल्लू मी घरी आणले. अंगावर काळे, नारिंगी व पांढरे ठिपके. शेजारचे काका म्हणाले, "परदेशी जात दिसते." आईने अट घातली, "बोका असेल तरच ठेव. भाटी असली तर वर्षाला दोनदा पिल्ले!" तेव्हा मी ग्रंथालय गाठले.

पहिला धडा मिळाला तो हा, की रंग म्हणजे जात नव्हे. जात वंशावळीवरून ठरते. आपल्याकडची बहुतेक मांजरे गावठीच. रंग मात्र वेगळेच गुपित सांगतो. नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बोक्याला एक्स एकच, म्हणून तो नारिंगी तरी किंवा काळा तरी. भाटीला दोन एक्स. पण प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच काम करतो. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या अभ्यासातून हे तत्त्व मांडले. म्हणूनच भाटीच्या अंगावर दोन्ही रंग उमटतात. पांढऱ्याचे जनुक निराळे. तीनरंगी बोका क्वचितच जन्मतो. बहुधा त्याला एक्स जादा असतो व तो वंध्य असतो.

म्हणजे आमची कबरी जवळजवळ नक्कीच भाटी! लपवावे असे क्षणभर वाटले, पण सांगितले. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गुरांच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेचे विचारून ये."

कबरी राहिली.