शिवणवर्ग आणि कात्री

गावात शिवणवर्ग काढायचा म्हटले, की लोक आधी मशिने किती आणायची याचा हिशेब मांडतात. मशीन लागते, हे खरे. पण वर्ग नुसत्या मशीनवर चालत नाही, तो शिकवणाऱ्या बाईवर चालतो. तुम्हांला शिवता येते आणि आणखी चार जणींना शिकवावे असे मनात आहे, तर हा पाठ तुमच्यासाठी आहे.

सुरुवातीला दोन मशिने पुरे. सहा जणी घ्या. दोघी मशीनवर, दोघी हातशिलाईवर आणि दोघी कागद कापायला. थोड्या थोड्या वेळाने पाळी बदला. मशीन पायाने चालणारे असावे, म्हणजे वीज गेली तरी काम अडत नाही. वेळ दुपारची ठेवा. सकाळी पाणी, भाकरी, गुरेढोरे यांतून बाईला सवड नसते. पेरणीत आणि सुगीत वर्ग बंद राहिला तरी चालेल. त्या दिवसांत हजेरीचा हट्ट धरला, की बाया वर्गच सोडतात.

पहिल्या दिवशी सुईत दोरा ओवू नका. मशीनला जुनी सुई लावा, आणि रेघांच्या वहीचा कागद सुईखाली द्या. रेघेवरून सुई चालवायला सांगा. कागदाला भोके पडतात. सुई रेघ सोडून गेली, तर ती भोकेच सांगतात, तुम्हांला बोलावे लागत नाही. सरळ रेघ जमली की नागमोडी रेघ, मग गोल. पाय एकसारखा हलला पाहिजे आणि चाक उलटे फिरता कामा नये. याला तीन-चार दिवस गेले तर जाऊ द्या. कागदाने सुई बोथट होते, म्हणून तीच सुई पुढे कापडाला लावू नका.

मग दोरा ओवावा आणि चिंधीवर टीप मारावी. थोड्याच वेळात कोणीतरी हाक मारील, "बाई, मशीन बिघडलं!" पाहावे तर कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचे फास झालेले असतात. बहुधा मशीन बिघडलेले नसते. वरच्या दोऱ्याचा ताण सैल असतो, नाहीतर दोरा नीट ओवलेला नसतो. तुम्ही उठून दुरुस्त करून देऊ नका. तिलाच दोरा काढू द्या, तिलाच पुन्हा ओवू द्या. तुम्ही हात लावलात, तर उद्या ती पुन्हा तुम्हांलाच हाक मारणार.

आता मुख्य गोष्ट. शिवणे निराळे आणि बेतणे निराळे. टीप मारायला महिन्याभरात येते. कापड अंथरून, माप टाकून, कात्री चालवणे ही खरी विद्या आहे. आणि पुष्कळ वर्गांत नेमकी तीच शिकवत नाहीत.

आमच्या तालुक्यातली एक बाई सहा महिने शहरातल्या एका वर्गाला जात होती. एस. टी.चे भाडे भरले, फी भरली. तिथले मास्तर सगळे कापड स्वतः कापत आणि कापलेले तुकडे बायांना शिवायला देत. सहा महिन्यांनी दाखला मिळाला. तो तिने चौकट करून भिंतीला लावला. मग शेजारीण ब्लाउजचे कापड घेऊन आली. बाईने कापड पसरले, टेप हातात घेतली आणि तशीच बसली. कात्री कुठे लावायची ते ठाऊक नव्हते. ते कापड तिने घडी करून परत दिले.

असे का होते? एक कारण उघड आहे. कापड वाया जाईल ही भीती. दुसरे कारण कोणी बोलून दाखवत नाही. शिकलेली बाई उद्या शेजारीच मशीन मांडील आणि आपले गिऱ्हाईक तोडील, अशी धास्ती असते. ही धास्ती अगदीच खोटी नाही. गाव लहान असले की कामही बेताचेच असते. पण लग्नसराईत एकीच्या हातून सगळे काम निघत नाही. शिवाय एकीने ब्लाउज शिवावे, दुसरीने मुलांचे कपडे, तिसरीने साडीला फॉल-पिको करावे, अशी वाटणी करता येते. ते काही असो, फी घ्यायची आणि कात्री हाती द्यायची नाही, हा व्यवहार मला पटत नाही.

कापड वाया जाण्याची भीती घालवायला सोपा उपाय आहे. पहिला महिना वर्तमानपत्र कापा. त्यासाठी वेगळी, जुनी कात्री ठेवा, कारण कागदाने कात्रीची धार जाते. मग जुने धोतर किंवा जुनी साडी घ्या. त्यानंतर नवे कापड, पण घरच्याच पोराचे. गिऱ्हाइकाचे कापड सगळ्यांत शेवटी.

मापाला आकडे लागतात. तुम्ही आता आकडे वाचता, तेव्हा टेप वाचणे जड जाणार नाही. टेपवर इंचाचे आठ भाग असतात. एका भागाला शिंपी आणि सुतार 'सूत' म्हणतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच. मी फळ्यावर अपूर्णांक वर्षानुवर्षे शिकवले. पोरे जांभया देत. तीच पाव आणि अर्ध्याची गोष्ट टेप हातात आली की बाया एका दुपारी शिकतात.

बाळाच्या झबल्याचे उदाहरण घेऊ. छातीचा घेर १८ इंच आहे. अंगात सैल बसावे म्हणून ४ मिळवले, २२ झाले. कापडाची चौपदरी घडी घालतो, म्हणून चौथा भाग घ्यायचा. २२ चा चौथा भाग साडेपाच. शिलाईच्या आत थोडे जास्तीचे कापड सोडतात, त्याला 'माया' म्हणतात. अर्धा इंच माया धरली की ६ इंच. घडीपासून ६ इंचांवर खडूने खूण करा. माया ठेवली, तर पोर वाढल्यावर शिवण उसवून झबले थोडे मोठे करता येते. (हा शब्द ज्याने कोणी काढला, तो घरी लेकरे असलेला माणूस असावा.)

सुती कापड कापण्यापूर्वी भिजवून वाळवा. ते पाण्याने आटते. कापडाची किनार ज्या दिशेने जाते, ती कपड्याची लांबी धरा. आडवे कापलेले कापड जास्त ताणते आणि कपडा बेढब होतो.

बायकांना शिवण शिकवण्याचा हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाचे काम १९०९ साली सुरू झाले. तिथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणही शिकवीत.

२०२३ साली केंद्र सरकारने पंतप्रधान विश्वकर्मा योजना काढली. तिच्यात १८ धंदे घेतले. त्यांत शिंप्याचा धंदा आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांचे ५०० रुपये रोज आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, असे त्यात ठरले. ही योजना हा धंदा आधीच करणाऱ्यांसाठी आहे, नवशिक्यांसाठी नाही. ग्रामपंचायतीत चौकशी करा.

गिऱ्हाइकाचे काम घेऊ लागाल तेव्हा मापाची एक वही करा. माप गिऱ्हाइकासमोर घ्या आणि समोरच लिहा. नाव, तारीख, छाती, कंबर, उंची, बाही, ठरलेली मजुरी. कापडालाही नावाची चिठ्ठी टाचा. वही शिकणारणीकडून लिहून घ्या, आणि आकडा तुम्ही एकदा तपासा. ३२ चे २३ झाले, तर कापड गेले आणि गिऱ्हाईकही गेले.

करून पाहा : घरातल्या एका लहान मुलाची छाती मोजा. ४ इंच मिळवा. चौथा भाग काढा. त्यात अर्धा इंच माया घाला. वर्तमानपत्राची चौपदरी घडी घालून त्या मापाने कापा. गळा आणि हातांसाठी जागा कापा. मग तो कागद मुलाच्या अंगाला लावून पाहा.