शिसपेन्सिलीने लिहिलेला अर्ज

अटक झालेल्या मनुष्यास आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने दिला आहे. परंतु वकिलास द्यावयास पैसाच नसेल तर? अमेरिकेत हा प्रश्न एका निर्धन कैद्याने तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे नेला.

त्याचे नाव क्लॅरेन्स अर्ल गिडियन. शिक्षण जेमतेम आठवीपर्यंतचे. चोरीच्या अपराधांबद्दल त्याने पूर्वी अनेक वर्षे तुरुंगात काढली होती. तो काही साधुपुरुष नव्हता. १९६१ च्या जून महिन्यात फ्लोरिडा राज्यातील पनामा सिटी येथे बिलियर्ड खेळण्याच्या एका जागी रात्री चोरी झाली. यंत्रांतील नाणी व काही पेये गेली. पहाटे गिडियनला तेथे पाहिले, असे एकाने सांगितले व गिडियनला अटक झाली.

खटल्याच्या प्रारंभीच त्याने वकील मागितला. न्यायाधीशांनी खेद व्यक्त करून नकार दिला. कारण ज्या गुन्ह्यास देहान्ताची शिक्षा असेल, त्यातच सरकारी खर्चाने वकील देण्याची तेथे रीत होती. एका बाजूस कायद्यात मुरलेला सरकारी वकील, दुसऱ्या बाजूस एकटा गिडियन! साक्षीदाराची उलटतपासणी कशी करावी, हे त्यास कोण शिकविणार? त्यास ५ वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगात त्याने कायद्याची पुस्तके चाळली आणि तुरुंगातल्याच कागदावर शिसपेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयास अर्ज लिहिला. तो जानेवारी १९६२ मध्ये पोहोचला. अर्जात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मागणी मात्र स्वच्छ होती. न्यायालयाने तो दाखल करून घेतला आणि एब फोर्टस या नामांकित वकिलांस त्याची बाजू मांडण्यास नेमले.

अशा आरोपीस वकील देणे राज्यांवर बंधनकारक नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने १९४२ मध्ये दिला होता. त्या वेळी न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी आपले विरुद्ध मत नोंदविले होते. १८ मार्च १९६३ रोजी तो जुना निर्णय रद्द झाला. नऊही न्यायमूर्ती एकमत होते आणि निकालपत्र लिहिले ते ब्लॅक यांनीच!

ध्यानात घ्या, गिडियन निर्दोष आहे असे या निकालाने म्हटले नव्हते. खटला पुन्हा चालवावा, एवढेच ठरले. ऑगस्ट १९६३ मध्ये तो चालला. आरोप तोच, न्यायाधीश तेच, मुख्य साक्षीदारही तोच. या खेपेस मात्र गिडियनजवळ वकील होता. तो साक्षीदार स्वतः त्या पहाटे तेथे कशासाठी उभा होता, हे वकिलाने खोदून खोदून विचारले. ज्यूरीतील सहा जणांनी सुमारे तासभर विचार केला आणि गिडियन निर्दोष सुटला.

आपल्याकडे १९७८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला, की निर्धन कैद्यास अपील करण्यासाठी विनामूल्य वकील देणे हे सरकारचे कर्तव्य आहे.