‘बाय’ने आमची तारीख चुकवली



आज मी इंग्रजीतल्या छोट्या शब्दांविषयी लिहिणार आहे. हे शब्द दिसायला मोहरीएवढे, पण एक चुकला की केवढे नुकसान होते ते आमच्या घराने पाहिले आहे.

माझ्या ताईला अकरावीसाठी तालुक्याच्या गावी राहायचे आहे. वसतिगृहाचे पत्र इंग्रजीत आले. बाबा म्हणाले, “तू सातवीत आहेस ना गं? मग वाच बघू.” पत्रात होते, ‘सबमिट द फॉर्म बाय १० जून.’ ‘सिट बाय द विंडो’ म्हणजे खिडकीजवळ बस, हे मला येत होते. म्हणून मी ऐटीत सांगितले, “बाय म्हणजे जवळ. १० जूनच्या जवळपास कधीही द्या.” पेरणीची गडबड होती. बाबा १२ तारखेला गेले. मुदत संपली म्हणून फॉर्म परत आला. बाबा मला रागावले नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले.

शाळा उघडल्याबरोबर मी बाईंना विचारले. त्यांनी सांगितले ते असे :

मराठीत आपण ‘झाडाखाली’ म्हणतो. ‘खाली’ हे शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते आणि त्याला चिकटते. इंग्रजीत ते नामाच्या आधी आणि सुटे येते : ‘अंडर द ट्री’. म्हणून त्याला प्रिपोझिशन म्हणतात. ‘प्री’ म्हणजे आधी. पण खरी अडचण जागेची नाही, अर्थाची आहे. मराठीच्या एका प्रत्ययाला इंग्रजीत एकच शब्द नसतो.

१) बाय आणि अंटिल : तारखेआधी ‘बाय’ आले, तर काम त्या दिवशी किंवा त्याआधी पुरे व्हायला हवे. ‘अंटिल’ म्हणजे त्या दिवसापर्यंत चालू राहणारे. ‘फॉर्म बाय १० जून द्या’, पण ‘ऑफिस अंटिल १० जून उघडे आहे’.

२) सिन्स आणि फॉर : आपण ‘सोमवारपासून आजारी’ म्हणतो आणि ‘तीन दिवसांपासून आजारी’ही म्हणतो. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर ‘सिन्स मंडे’, किती काळ ते सांगायचे तर ‘फॉर थ्री डेज’. रजेच्या अर्जात ‘सिन्स थ्री डेज’ लिहू नये.

३) ॲट, ऑन, इन : घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वाराला व तारखेला ‘ऑन’, महिन्याला व सालाला ‘इन’. ‘ॲट टेन ओ’क्लॉक’, ‘ऑन मंडे’, ‘इन जून’.

४) काही क्रियापदांना जोडशब्द लागतच नाही. आपण ‘विषयावर चर्चा’ करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. बरोबर आहे ते नुसते ‘डिस्कस’. उलट ‘तापाने आजारी’ला ‘सफरिंग फ्रॉम फीवर’ आणि ‘तिच्याशी लग्न झाले’ला ‘मॅरीड टू’ लागते. तिथे ‘विथ’ चालत नाही. हे जोडीनेच पाठ करावे.

५) अर्जातले शब्द : बोलताना ‘गॉट’ चालते, अर्जात ‘रिसीव्ह्ड’ शोभते. ‘सॉरी’ऐवजी ‘आय रिग्रेट द डिले’ लिहावे. पुष्कळ अर्जांच्या शेवटी ‘डू द नीडफुल’ असते, पण नेमके काय हवे ते त्यातून कळत नाही. त्यापेक्षा ‘आय रिक्वेस्ट यू टू ॲक्सेप्ट द फॉर्म’ हे सरळ.

बाईंनी मला हे सांगून माझ्याकडूनच अर्ज लिहून घेतला. उशीर का झाला, तेही मी खरे लिहिले. तीनदा खोडले, चौथ्यांदा जमले. बाबा तो अर्ज व फॉर्म घेऊन पुन्हा गेले. ताईचे नाव आता प्रतीक्षा यादीत आहे. खोली मिळाली तर पुढच्या अंकात कळवीन.

माझ्या बाबांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. आपल्या राज्यात २००० सालापासून ते पहिलीपासून आहे. म्हणून घरचे लोक आपल्या हाती पत्र देतात. तेव्हा ऐट नको. अर्थ नक्की माहीत नसेल तर “विचारून सांगते” म्हणावे. पालकांनो, तुम्हीही इंग्रजी पत्र आले की ते शाळेत घेऊन या. तारीख जायच्या आधी या, म्हणजे झाले!